पाठीत यंत्र बसवण्याआधी: जुनाट दुखणं, नवे पुरावे आणि इटियाडोहची रोवणी

गादी सरकली म्हणून कमरेचं ऑपरेशन झालं, वर्ष उलटलं, तरी पायात जाणारी कळ थांबलेली नाही. गोळ्यांनी गुंगी येते, दुखणं मात्र तिथंच. अशा वेळी कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतं: पाठीत छोटं यंत्र बसवलं, रिमोटचं बटण दाबलं आणि दुखणं गायब. तुमच्या घरात सध्या हा विषय चालू असेल, तर निर्णय घेण्याआधी हे वाचा. लिहिताना मी गोंदिया जिल्ह्यातल्या इटियाडोह धरणाच्या परिसरातली गावं डोळ्यांपुढे ठेवली आहेत. या यंत्राची बहुतेक माहितीपत्रकं शहरात खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असतात. बांधीत दिवसभर वाकणाऱ्या माणसाचे प्रश्न त्यांत येत नाहीत.

यंत्राचं नाव स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर. मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणालगत बारीक तारा सरकवतात आणि नितंबाच्या वरच्या भागात किंवा पोटाच्या बाजूला कातडीखाली बॅटरीची डबी ठेवतात. डबीतून विजेचे अगदी सौम्य ठोके तारांवाटे जातात आणि मेंदूकडे निघालेला दुखण्याचा संदेश वाटेतच मंद होतो. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं की मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशासाठी जणू एक फाटक असतं. त्या कल्पनेवरून दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी पहिलं यंत्र बसवलं. म्हणजे उपाय नवा नाही. आजार मात्र तो बरा करत नाही. सरकलेली गादी सरकलेलीच राहते, फक्त कळ कमी जाणवते, तीही सगळ्यांना नाही.

ते कुणासाठी आहे, हेही ठरलेलं आहे. ऑपरेशननंतरही पायात उरलेली नसेची कळ, इजेनंतर हात किंवा पाय सुजून लाल होऊन जळत राहण्याचा एक विशिष्ट आजार, आणि औषधांना दाद न देणारी मधुमेहातली पायाची आग, हे त्याचे मुख्य उपयोग. गुडघ्याची झीज, ओझं उचलून भरलेली कंबर किंवा संधिवात यांच्यासाठी ते नाही. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलच्या वेदनेवर हा प्रस्थापित उपचार नाही. त्या रुग्णाचा खुबा सतत दुखत असेल तर आधी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तपासायला हवा.

गेल्या काही वर्षांत काय बदललं

सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने डॉक्टरांना या यंत्राबद्दल पत्र पाठवलं. जुलै २०१६ ते जुलै २०२० या चार वर्षांत त्यांच्याकडे १,०७,७२८ तक्रारी आल्या होत्या. त्यांपैकी ७७,९३७ रुग्णाला इजा झाल्याच्या, २९,२९४ यंत्र बिघडल्याच्या आणि ४९७ मृत्यूशी जोडलेल्या. तक्रार आली म्हणजे दोष यंत्राचाच, असं त्यातून सिद्ध होत नाही, त्यामुळे आकडा वाचून घाबरू नका. पण त्या तक्रारींत सगळ्यांत जास्त वेळा आलेली गोष्ट लक्षात ठेवा: दुखणं पुरेसं कमी झालंच नाही. कायमचं यंत्र बसवण्याआधी चाचणी घ्या, असं त्या पत्रात डॉक्टरांना बजावलं होतं.

मग ऑक्टोबर २०२२ मध्ये नॉर्वेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठीच्या ऑपरेशननंतरही पायात दुखणं उरलेल्या ५० रुग्णांना यंत्र बसवलं आणि ते आलटून पालटून चालू आणि बंद ठेवलं. कधी चालू आहे, हे रुग्णाला कळत नव्हतं. दोन्ही काळांत रोजच्या कामातल्या अडचणींत आणि दुखण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने कंबरदुखीवरचे १३ अभ्यास, एकूण ६९९ रुग्ण, एकत्र तपासले. दीर्घकाळ फायदा होतो असं म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही.

या निष्कर्षांवर वेदनातज्ज्ञांनी आक्षेप घेतले आणि ते सगळेच हलके नाहीत. नॉर्वेत ठोक्यांची एकच पद्धत वापरली होती, इतर पद्धतींना तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. मधुमेहातल्या पायाच्या आगीचं चित्र तर वेगळंच आहे. २०२१ मध्ये आलेल्या २१६ रुग्णांच्या एका अभ्यासात यंत्र बसवलेल्या ७९ टक्के रुग्णांचं दुखणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालं, नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ५ टक्क्यांचं. मात्र इथं आपल्याला यंत्र मिळालंय की नाही हे प्रत्येकाला माहीत होतं, आणि एवढं मोठं ऑपरेशन झालं की मनाची उमेदही दुखणं काही काळ दाबून ठेवते. माझं मत विचाराल तर, निव्वळ कंबरदुखीसाठी आज हे यंत्र घेण्याची घाई करू नये. पायात उतरणारी नसेची कळ किंवा मधुमेहातली आग असेल, औषधं आणि व्यायाम मनापासून करून झाले असतील, तर चाचणीपर्यंत जायला हरकत नाही.

ही चाचणीच तुमच्या हातातला खरा पुरावा. तारा आत आणि बॅटरी बाहेर पट्ट्याला बांधलेली, असे साधारण तीन ते सात दिवस काढायचे. दुखणं निदान निम्म्याने कमी झालं तरच पुढे जायचं, असा रिवाज आहे. घरच्यांनी या दिवसांत एक वही ठेवावी. दुखणं दहापैकी किती, एवढंच लिहून भागत नाही. रात्री किती वेळा जाग आली, न थांबता कुठवर चालणं झालं, गोळ्या किती लागल्या, हे लिहा. पैसे भरून झालेत, आता बरं वाटायलाच हवं, अशा ओझ्याखाली दिलेलं उत्तर पुढे महागात पडतं. म्हणून चाचणीचा आणि कायमच्या यंत्राचा खर्च वेगवेगळा सांगायला लावा.

रोवणी, वीज आणि नागपूरची वाट

यंत्र बसवल्यावर साधारण सहा ते आठ आठवडे वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, हात डोक्यावर ताणायचे नाहीत आणि जड उचलायचं नाही. तेवढ्या काळात तारांभोवती पेशी धरतात आणि त्या जागी बसतात. त्याआधी तार सरकली तर ठोके भलत्याच ठिकाणी जाणवतात आणि कधी पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. आता हे धानाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा. खरिपाची रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये, कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. धरणाचं पाणी मिळून उन्हाळी धान लावलं तर जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा रोवणी. दोन पिकं घेणाऱ्या घरात वाकावं न लागणारे सलग आठ आठवडे शोधावे लागतात. बायकांना तर तेही मिळत नाहीत, कारण झाडलोट आणि पाणी भरणं कुठल्याच हंगामात थांबत नाही. त्या दिवसांत घरातली ही कामं कोण करणार, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ठरलेलं असावं.

जखम पूर्ण भरेपर्यंत बांधीतल्या चिखलात उतरू नये, तळ्यात आंघोळ करू नये. जंतुसंसर्ग झाला तर बहुतेक वेळा अख्खं यंत्र काढावं लागतं. मधुमेह आटोक्यात नसेल तर हा धोका वाढतो, आणि खर्रा चालू असेल तरीही. तंबाखूने जखम उशिरा भरते. ऑपरेशनच्या आधी काही आठवडे आणि नंतरही खर्रा बंद, ही अट मी तरी सोडणार नाही.

विजेची काळजी लोकांना वाटते त्याहून कमी आहे. चार्ज करायच्या बॅटरीला प्रकारानुसार रोज थोडा वेळ किंवा आठवड्यातून काही तास लागतात. एखादी रात्र वीज गेली म्हणून काही बिघडत नाही. फक्त ती बरेच दिवस पूर्ण रिकामी राहू देऊ नका. चार्ज न होणारी बॅटरी काही वर्षांनी छोट्या ऑपरेशनने बदलावी लागते, तो खर्च आजच धरून चाला. उताणं झोपल्यावर ठोके अचानक जोरात जाणवले तर घाबरू नका. अंगस्थिती बदलली की मज्जारज्जू तारांच्या जवळ किंवा लांब जातो, तसा जोर बदलतो. रिमोटने तो कमी करता येतो.

अंतराचा प्रश्न याहून अवघड आहे. पहिल्या वर्षात ठोक्यांचा जोर आणि पद्धत जुळवून घ्यायला अनेक फेऱ्या होतात. हे काम तालुक्याच्या दवाखान्यात होत नाही. त्यासाठी कंपनीचा प्रोग्रामर आणि तो वापरणारा माणूस लागतो, म्हणजे अर्जुनीहून गोंदिया आणि पुढे नागपूर, किंवा जिथं यंत्र बसवलं ते शहर. काही कंपन्यांनी इंटरनेटवरून जुळवणी करून द्यायला परदेशात सुरुवात केली आहे. तुमच्या यंत्राला ती सोय इथं मिळेल का, हे आधी विचारा. कंपनीच बंद पडली तर काय, हेही विचारा. हा प्रश्न हवेतला नाही. न्युव्हेक्ट्रा ही असं यंत्र बनवणारी अमेरिकी कंपनी नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि यंत्र पाठीत असलेले रुग्ण दुरुस्तीसाठी दारोदार फिरले.

शेकाच्या मशीनपासून सावध

सगळ्यांत मोठा धोका गावातल्या साध्या दिसणाऱ्या उपचारात आहे. कंबर-गुडघ्याला फिजिओथेरपीत जो खोलवर जाणारा मशीनचा शेक देतात, त्यातल्या डायथर्मी या प्रकारात विद्युतलहरी वापरतात. पाठीत यंत्र असताना डायथर्मी शरीराच्या कुठल्याही भागावर घ्यायची नाही, यंत्र बंद केलेलं असलं तरी नाही. तारा तापतात आणि आतल्या मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते. घरच्या गरम पाण्याच्या पिशवीचा हा धोका नाही. एमआरआय काही यंत्रांबरोबर ठरावीक अटींवर चालतो, काहींबरोबर अजिबात नाही. यंत्राचं मॉडेल लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा आणि एक फोटो घरच्या दोघांच्या फोनमध्ये. एरवी कुठलंही ऑपरेशन असो, अगदी अपेंडिक्सचं, सर्जनला आधी सांगा, कारण रक्त थांबवायला वापरतात त्या विजेच्या उपकरणाचा प्रकार बदलावा लागतो. वेल्डिंगचं काम करत असाल तर ते चाचणीच्या आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.

खर्चाबद्दल थोडक्यात. यंत्र काही लाखांचं आहे. हृदयातल्या स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि गुडघ्याच्या सांध्यांवर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने कमाल मर्यादा घातली, तशी मर्यादा या यंत्रावर नाही. त्यामुळे दोन रुग्णालयांतून लेखी अंदाजपत्रक घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या आजाराला काय मिळतं, ते योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. जमीन गहाण ठेवण्याची वेळ आली असेल तर चाचणीच्या वहीवर दुसऱ्या वेदनातज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आपल्याकडे एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत आणि उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवणारी राष्ट्रीय व्यवस्था २०१५ पासून आहे. तिचं काम गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाकडून चालतं. रुग्णाला स्वतः तक्रार करता येते, १८००-१८०-३०२४ हा क्रमांक मोफत आहे. यंत्र नीट चालत नसेल तर फक्त कंपनीच्या माणसाला फोन करून थांबू नका, इथंही नोंदवा.

आणि काही गोष्टींत फोन करत बसायचं नाही. ऑपरेशननंतर पायातली ताकद अचानक कमी झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, ताप येऊन जखमेतून पाणी किंवा पू आला, किंवा मान आखडून डोकं असह्य दुखू लागलं, तर रात्र असली तरी निघा. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, पाठीत यंत्र आहे हे आधी सांगा आणि कार्ड बरोबर घ्या.