विमान आपलं, इंजिन कुणाचं?

१७ ऑक्टोबर २०२५ला नाशिकजवळच्या ओझरहून तेजस मार्क-१ए उडालं आणि माजलगावातल्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिरंग्यांचा पाऊस पडला. आनंद मलाही झाला. ओझरचा कारखाना १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठी उभा राहिला. रशियन आराखड्यावरून विमानं जुळवणाऱ्या त्या कारखान्यातून आपल्या अभियंत्यांनी आखलेलं लढाऊ विमान निघालं, ही लहान गोष्ट नाही. पण 'शंभर टक्के स्वदेशी' असं लिहिलेल्या पोस्टखाली मी एवढंच विचारलं, की इंजिन कुणाचं? उत्तर आलं, "तुम्हाला देशाचं चांगलं बघवत नाही का?"

त्यातल्या 'तुम्हाला'वर किती जोर होता, हे माझ्या वाचकांना समजावून सांगायला नको.

तर उत्तर मीच देतो. इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं, एफ-४०४. २०२१मध्ये ९९ इंजिनांची ऑर्डर गेली, पहिलं आलं मार्च २०२५मध्ये. ८३ विमानांचा करारही २०२१चाच आणि हवाई दलाला ती २०२४पासून मिळायला हवी होती. उशिराचं हे एकच कारण नाही, पण मोठं आहे. तोवर ६२ वर्षं राबलेलं मिग-२१ सप्टेंबर २०२५मध्ये निवृत्त झालं. मंजूर स्क्वाड्रन ४२, हाती उरल्या २९. वैमानिकांनी म्हातारी विमानं इतकी वर्षं का उडवली, हे विचारणं देशद्रोह असेल तर मग देशप्रेम कशाला म्हणायचं?

सिंदफणेकाठच्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल. विहीर आपली, मोटर आपली, पाईपलाईन आपली, पण वीज दुसऱ्याच्या हातात. ऊस वाळायला लागला की सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे हे बघून पाणी येत नाही.

ही ठेच पहिली नाही. ज्या एचएएलचा आज गौरव होतो, तिचं बीज सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४०मध्ये बंगळुरूत पेरलं. तिथंच जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या हाताखाली मारुत हे जेट तयार झालं. १९६१मध्ये ते उडालं, १९७१मध्ये लोंगेवालाच्या लढाईत उतरलं. सांगाडा वेगाला तयार होता, पण त्याला साजेसं ताकदवान इंजिन मिळालंच नाही. पुढे विमान गेलं आणि ते घडवताना हाताला लागलेलं कसबही बरंचसं वाया गेलं. मग १९८३मध्ये तेजसची सुरुवात, त्याच्यासाठी कावेरी इंजिन, आणि २००८मध्ये कावेरी तेजसपासून वेगळं. सरकार कुणाचं होतं, हा वाद कृपया नको. तेव्हापासून सगळेच येऊन गेले.

जेट इंजिनाची टर्बाइनची पाती ज्या वायूत फिरतात, तो त्या धातूच्या वितळणबिंदूहूनही तापलेला असतो. पातं टिकावं म्हणून ते एकाच स्फटिकात ओततात आणि थंड हवेसाठी आतून पोकळ ठेवतात. हे ज्ञान कुणी विकत नाही. ते भट्टीपुढे वर्षानुवर्षं चुकत, पैसा जाळत कमवावं लागतं. आणि आपण संशोधनावर खर्च करतो जीडीपीच्या ०.६४ टक्के.

जमत नाही असं नाही. १९९८च्या अणुचाचणीनंतर अमेरिकेने निर्बंध लादले. तेजसच्या संगणकीय नियंत्रण प्रणालीवर तिकडे काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवलं. त्यांनी ते काम इथं पूर्ण केलं आणि ४ जानेवारी २००१ला तेजस उडालं. त्या निर्बंधांच्या वेळी डीआरडीओच्या प्रमुखपदी एपीजे अब्दुल कलाम होते. त्यांचा फोटो स्टेटसला ठेवणाऱ्यांत आमचा तो देशप्रेमीही आहे.

आता जरा आपल्या लोकांशी. "विमानाचं आपल्याला काय?" असं म्हणणारे भाईजान मला मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर रोज भेटतात. काय म्हणजे? कर आपणही भरतो. ट्रॅक्टरचं इंजिन उघडून बसलेली पोरं आपल्याही गल्लीत आहेत. त्यांना धातुशास्त्र नावाचा विषय असतो, हे कुणी सांगितलंय? बारावीनंतर पोराला दुकानावर बसवायचं आणि मग 'आम्हाला कुणी विचारत नाही' म्हणायचं, हेही पुरे झालं. दारं बंद असतात, मान्य. काही दारांपर्यंत आपण जातच नाही.

काल मी ग्रुपवर पुन्हा विचारलं, कावेरीचं पुढे काय झालं? उत्तर अजून आलेलं नाही. एका पोराने मात्र वेगळा मेसेज करून विचारलं, "चाचा, ते एका स्फटिकाचं पातं ओततात कसं?"