वाळवंटातील ईर्यासमिती

अमेरिकेतील युटा व ॲरिझोना राज्यांच्या सीमेवर, नावाहो आदिवासींच्या भूमीत, मॉन्युमेंट व्हॅली आहे. तेथील सपाट माथ्याच्या लाल डोंगरांना ‘मेसा’ म्हणतात. स्पॅनिश भाषेत मेसा म्हणजे मेज. माथ्याचा कठीण थर टिकतो, खालचा मऊ खडक झिजतो आणि कडे ढासळत मेसा अरुंद होत जातो. अशाच एका अवशेषाला, वेस्ट मिटन ब्यूटला, प्रदक्षिणा घालणारी सुमारे 6 किलोमीटरची पायवाट आहे.

एकट्या पदयात्रीला तेथे जमाखर्च चोख ठेवावा लागतो. पाणी हेच भांडवल. वाटेत ते मिळत नाही. निम्मे संपण्यापूर्वीच परतीचा विचार करावा लागतो आणि परतण्याची वेळ कोणास तरी सांगूनच निघावे लागते.

परंतु खरी कसोटी पावलांची असते. त्या पठारी प्रदेशात वाळूवर जागोजागी काळपट, खडबडीत साय दिसते. ती सजीव असते. सूक्ष्म जीवाणू, दगडफूल व शेवाळ यांनी विणलेली ही साय माती धरून ठेवते. एका पावलाने ती मोडते आणि पूर्ववत होण्यास कित्येक दशके लागू शकतात. म्हणून वाट सोडू नये, असा दंडक आहे.

चार हात पुढील भूमी पाहून चालावे, ही ईर्यासमितीची शिकवण ज्या घरांत रुजली आहे, त्यांना हा दंडक परका वाटणार नाही. वाळवंटात पाहणारे कोणी नसते. पाणी कमी उरलेले, जवळची आडवाट समोर दिसणारी. तरीही जो वळसा घेऊन चालतो, त्याचा संयम खरा.