दिवे नकोत, छप्पर द्या

घरात फळ्या ठोका, त्यावर ट्रे मांडा, वर एलईडी दिवे लावा आणि छोट्या शेतकऱ्याला तिथेच कांद्याचं रोप करू द्या, अशी एक कल्पना हल्ली कानावर येते. मी निफाड तालुक्यातली, दोन एकरांची कांदेवाली. सुचवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, हिशेबाबद्दल आहे.

१५ बाय १० सेंटिमीटरवर लागण केली तर एकराला पावणेतीन लाखांच्या आत-बाहेर रोपं लागतात. ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये एकेक बी टाकलं तर ट्रे झाले पावणेतीन हजार. ठेवायचे कुठे, माजघरात? रानात एवढ्याच रोपाला दोन गुंठे पुरतात. शिवाय पावसाचे चार थेंब पडले की गावात पहिली जाते ती वीज.

दुसरी अडचण कांद्याच्या स्वभावातली. तो दिवसाची लांबी बघून गाठ धरतो आणि आपल्या जातींना त्यासाठी अकरा-बारा तासांचा उजेड बास होतो. रोप जोमात यावं म्हणून सोळा तास दिवे जाळले, तर पात वाढायच्या आधीच ट्रेमध्ये गोट्या धरतील. युरोपात ऐन हिवाळ्यात दिवस जेमतेम आठ तासांचा. तिथे कांद्याचं, शॅलटचं बी दिव्याखाली टाकतात ते पटतं. आपल्याकडे उन्हाचा दुष्काळ कधी पडला?

आपलं रोप मरतं ते पाण्यानं. रांगड्याचं, म्हणजे उशिरा खरिपातल्या कांद्याचं, रोप बोटभर झालेलं असतं आणि परतीचा पाऊस मुक्काम ठोकतो. वाफ्यात पाणी तुंबतं, रोप बुडाशी मऊ पडून आडवं होतं. उपटायला जावं तर पात हातात, मूळ मातीत. मग दुसऱ्याचं रोप मागेल त्या भावानं घ्या, नाहीतर पुन्हा बी टाकून लागण महिना-दीड महिना लांबवा.

यावरचा इलाज साधा आहे. वीतभर उंच गादीवाफा, ओळीत पेरलेलं बी, मातीत ट्रायकोडर्मा आणि वर कमानींवर प्लास्टिक. फक्त पाऊस उघडला की बाजू वर करायच्या, नाहीतर आत दमट होऊन मर जास्तच पसरते. शेडनेट आणि प्लास्टिक टनेलला निम्मं अनुदान देणारी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना राज्यात २०२० पासून आहेच. पण उरलेला निम्मा पैसा दोन एकरवाल्यानं एकट्यानं कुठून घालायचा? कृषी खात्यानं दिव्यांच्या नादी लागू नये, चार-पाच छोट्या शेतकऱ्यांच्या गटाला सामायिक रोपवाटिका द्यावी आणि प्लास्टिक जुलैच्या आत हातात पडेल एवढं बघावं.