पेटती चूल सोडून कोणी झोपत नाही

रात्री निजण्यापूर्वी गॅसचे बटण बंद आहे की नाही, हे घरातील कोणीतरी हमखास पाहते. देवापुढची समई पडद्यापासून दूर आहे ना, याकडेही लक्ष असते. विस्तवाची ही जाण आपल्याकडे पिढ्यान्पिढ्यांची आहे. पण त्याच घरात कोपऱ्यातल्या बोर्डाला ड्रोनची किंवा ई-स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावून सारे घर निर्धास्त झोपी जाते. ज्वाला दिसत नाही, म्हणून तो विस्तव वाटत नाही. हा समज जिवावर बेतणारा आहे.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत ड्रोन आता नवलाईचा राहिलेला नाही. लग्नाच्या मिरवणुकीवर फोटोवाल्याचा ड्रोन भिरभिरतो, हौशी मुले सुटे भाग आणून घरीच ड्रोन जोडतात आणि शेतात फवारणीचा ड्रोनही दिसू लागला आहे. या यंत्राला नावे ठेवण्याचे कारण नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीच्या विषापासून माणसाला दूर ठेवणारे यंत्र आरोग्याच्या दृष्टीने स्वागतार्हच आहे. मात्र पाठीवरचा पंप उतरवून आपण घरात काय आणले, हेही समजून घ्यावे.

लिथियम बॅटरी १९९१ पासून बाजारात आहे. ती शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वजनाने हलकी आणि ताकदीने भारी, हा तिचा गुण. धोकाही त्यातूनच येतो. तिच्या पोटात दोन थरांमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो आणि भोवती पेट घेणारे द्रावण असते. बॅटरी आपटली, प्रमाणाबाहेर चार्ज झाली किंवा फार तापली, की तो पडदा फाटू शकतो. मग आतल्या आत शॉर्टसर्किट होते, उष्णता वाढते आणि त्या उष्णतेने शेजारचा सेलही पेटतो. ही साखळी एकदा सुरू झाली की बटण बंद करूनही थांबत नाही. ड्रोनच्या बॅटरीवर बहुधा धातूचे टणक कवच नसते, मऊ पाकीट असते. त्यामुळे ड्रोन झाडावर आदळून खाली पडला, तर पंख्यांबरोबर बॅटरीही तपासायला हवी.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरात ई-स्कूटरची काढून आणलेली बॅटरी रात्री चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि आठवड्याभरात दगावला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेलंगणातील निजामाबाद येथे अशाच प्रकारे एका ८० वर्षांच्या वृद्धाचा मृत्यू झाला. या बॅटऱ्या स्कूटरच्या होत्या, पण जात तीच. दोन्हीकडे बॅटरी घरात होती, चार्जिंग चालू होते आणि माणसे झोपेत होती.

आपल्या खानदेशात यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे उन्हाळा. बहुतेक कंपन्या ४० ते ४५ अंशांच्या वर बॅटरी चार्ज करू नये असे सांगतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा सावलीतच ४५ ला टेकतो. पत्र्याच्या खोलीत काय होत असेल ते सांगायला नको. उड्डाण करून आलेली बॅटरी तर आधीच तापलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे कापूस. भाव वाढेल या आशेने अनेक शेतकरी कापूस घरातच भरून ठेवतात. कापसाने भरलेल्या खोलीत बॅटरी चार्जिंगला लावणे म्हणजे गंजीशेजारी शेकोटी करणे होय.

विमानात सुटी लिथियम बॅटरी सामानाच्या डब्यात टाकू देत नाहीत. ती प्रवाशाने स्वतःजवळ ठेवायची असते. पेटलीच तर ती डोळ्यांसमोर असावी, म्हणजे लगेच विझवता येते, हा त्यामागचा हिशेब. तीही साधारण १०० वॅट-तासांपर्यंत चालते आणि विमान कंपनीची परवानगी घेऊन १६० पर्यंत. फवारणीच्या ड्रोनची बॅटरी ३०० ते ५०० वॅट-तासांची सहज असते. म्हणजे जी बॅटरी विमानात चढूच देणार नाहीत, ती आपण पलंगाखाली ठेवून झोपतो!

तेव्हा पहिला नियम असा, की घरात जागे माणूस असेल तेव्हाच बॅटरी चार्ज करावी. जागा फरशीची किंवा सिमेंटची असावी. भोवती हातभर अंतरात गादी, कपडे, कागद, कापूस नको. दारात, बोळात किंवा जिन्याखाली तर मुळीच नको, कारण आग लागली की बाहेर पडायची वाट तीच असते. उड्डाणानंतर बॅटरी हाताला गार लागेपर्यंत थांबावे. चार्जर त्याच बॅटरीसाठी असलेला, प्रत्येक सेलकडे वेगवेगळे लक्ष देणारा वापरावा. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. त्यापुढे रेटू नये. काही दिवस वापर नसेल तर बॅटरी सेलमागे सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी, पूर्ण भरून नव्हे. फुगलेली, चिरलेली किंवा गोडसर वास येणारी बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये. ती टोचून हवा काढण्याचा उद्योग तर कदापि करू नये.

बॅटरीतून धूर येऊ लागला तर जमल्यास मेन स्विच बंद करावा, घरातील सर्वांना बाहेर काढावे, दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. बॅटरी अगदी लहान असेल आणि वीज बंद केलेली असेल, तर वाळू किंवा भरपूर पाणी उपयोगी पडते. मोठ्या बॅटरीच्या वाटेला जाऊ नये. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती घरात ठेवू नये.

या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. ज्वालेचा स्पर्श न होताही ते फुप्फुसे जाळतात आणि त्रास काही तासांनी वाढू शकतो. म्हणून धूर छातीत गेलेल्या माणसाला बरे वाटत असले तरी डॉक्टरांना दाखवावे. भाजलेल्या भागावर नळाचे साधे वाहते पाणी वीस मिनिटे धरावे. अंगठ्या, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. चिकटलेला कपडा ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांतले काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

निकामी बॅटरी भंगारात किंवा घंटागाडीत टाकणे म्हणजे आपली आग दुसऱ्याच्या अंगावर टाकणे आहे. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. विक्रेत्याकडे तसा आग्रह धरावा.

आमचे म्हणणे एवढेच, की हे शहाणपण एकट्या ड्रोनचालकापुरते राहू नये. केंद्र सरकारने २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. ड्रोन उडवायला एक बाई शिकते. पण बॅटरी ज्या घरात चार्ज होते, तिथे तिची सासू आणि मुलेही राहतात. प्रशिक्षण देणाऱ्यांनी चार्जिंगचा आणि आगीचा धडा या घरच्यांनाही द्यावा. विक्रेत्यांनी ड्रोनबरोबर मराठीत छापलेला सूचनांचा कागद द्यावा. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी अग्निशमन दलाचे एखादे प्रात्यक्षिक गावात ठेवावे. याला फार पैसा लागत नाही. एखादे लेकरू भाजल्यानंतर तोच कागद वाटण्यात काय अर्थ आहे?