कंपनी की सहकारी संस्था? सोयाबीन पट्ट्यापुढील प्रश्न

अकोल्याहून वाशीमकडे जाताना मालेगाव तालुक्यातील मेडशी लागते. हा सारा पट्टा सोयाबीन आणि तुरीचा. येथील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माल विकायचे ठरविल्यास त्यांच्यापुढे प्रामुख्याने दोन मार्ग आहेत : १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालील संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी. दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याच्या केंद्राच्या २०२० च्या योजनेत दोन्ही रूपे ग्राह्य धरली गेली. तरीही महाराष्ट्राचा कल कंपनीकडेच राहिला.

त्यास कारण आहे. सहकारी संस्थेचे संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमण्याचा अधिकार कायद्याने शासनाकडे आहे आणि त्याचा राजकीय वापर महाराष्ट्राने पुरेसा पाहिला आहे. डॉ. योगेंद्र अलघ समितीच्या शिफारशींवरून २००३ मध्ये अमलात आलेल्या उत्पादक कंपनीच्या तरतुदींनी 'एक सभासद, एक मत' हे सहकाराचे तत्त्व ठेवले आणि सरकारचा हात दूर केला.

मात्र या कायद्याने एक अटही घातली, जिच्याकडे नोंदणीच्या उत्साहात फारसे कोणी पाहत नाही. कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो आणि तो सभासदांपैकी नसावा लागतो. मालकी शेतकऱ्यांची, कारभार पगारी माणसाचा, अशी ही विभागणी आहे. प्रत्यक्षात गावातला पुढारीच अध्यक्ष, तोच खरेदीदार आणि तोच हिशेबनीस असेल, तर पाटी तेवढी कंपनीची राहते.

पगाराचे गणित मांडून पाहावे. केंद्राच्या योजनेत व्यवस्थापनखर्चासाठी तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपये आणि त्यातून व्यवस्थापकाला दरमहा २५ हजार व लेखापालाला १० हजारांपर्यंत वेतन, अशी तरतूद होती. म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार. सोयाबीनवर क्विंटलमागे ५० रुपये सुटतात असे धरले, तर केवळ हे दोन पगार भागविण्यासाठी ८,४०० क्विंटल माल हवा. एकरी आठ क्विंटल उतारा धरल्यास तो हजाराहून अधिक एकरांचा होतो. मैदानी भागासाठी योजनेने किमान ३०० सभासद सांगितले होते. प्रत्येकाचे चार एकर सोयाबीन मानले, तर जवळजवळ सर्वांनी आपला सारा माल कंपनीलाच द्यायला हवा. व्यापाऱ्याची उचल घेतलेला शेतकरी तसे करू शकेल काय?

नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या 'सह्याद्री फार्म्स'चे उदाहरण नेहमी दिले जाते. उत्पादक कंपनीत बाहेरच्या गुंतवणूकदाराला भागभांडवल घालता येत नाही. म्हणून २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांचे ३१० कोटी रुपये आले ते मूळ कंपनीत नव्हे, तर काढणीपश्चात व्यवसायाच्या उपकंपनीत. तेथे आधी द्राक्षांचा निर्यातव्यापार उभा राहिला, मग त्याला साजेशी रचना झाली.

मेडशीसारख्या गावात क्रम उलटा लागण्याचा धोका अधिक. व्यापार नसला तरी वार्षिक विवरणपत्रे चुकत नाहीत. उशीर झाल्यास २०१८ पासून प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये आकार लागतो. सलग तीन वर्षे विवरणपत्रे राहिली, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. अशा वेळी साधा शेतकरी गट म्हणून दोन हंगाम एकत्रित विक्री करून पाहणे आणि किती सभासद खरोखर माल आणतात हे मोजणे, हे नोंदणीच्या आधीचे काम आहे. त्याला अनुदान मिळत नाही, एवढेच.