व्याजस्तुतीचा सोहळा

काव्यशास्त्रात व्याजस्तुति नावाचा एक अलंकार आहे. वरून स्तुति व आतून निंदा, अथवा वरून निंदा व आतून स्तुति, असे त्याचे स्वरूप मम्मटाने काव्यप्रकाशात सांगितले आहे. शाळेत तो शिकविताना मुलांस रुचतील अशी उदाहरणे शोधण्यास आम्हांस श्रम पडत. सांप्रत दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांनी ती अडचण उरू दिलेली नाही. तेथे थाटाने पुरस्कारसमारंभ मांडतात, गंभीर मुद्रेने नाव पुकारतात, आणि सर्वांत वाईट अभिनयाबद्दल एखाद्या नटाचा सन्मान करतात.

झी मराठी वाहिनीवर २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ने चित्रपटांचे व मालिकांचे विडंबन घरोघर नेले. त्याच वाहिनीच्या खऱ्या समारंभात ‘सर्वोत्कृष्ट सासू’ व ‘सर्वोत्कृष्ट सून’ असेही पुरस्कार असतात! तेव्हा खरा सोहळा कोणता व नक्कल कोणती, असा संभ्रम घरच्या वडील मंडळींस पडला तर त्यांस दोष देता येणार नाही. जेथे पुरस्कारांचा असा सुकाळ होतो, तेथे त्यांची थट्टा करणारा कोणी तरी असणे हितावहच होय.

परंतु थट्टा कोणाची करावी? अमेरिकेत निकृष्ट चित्रपटांना ‘गोल्डन रास्पबेरी’ नावाची लटकी पारितोषिके १९८१ पासून देतात. २००५ साली हॅली बेरी ही नटी ‘कॅटवुमन’मधील भूमिकेसाठी ते घेण्यास स्वतः गेली, जाताना आपले खरे ऑस्कर हाती घेऊन गेली, आणि सभागृहास तिने मनमुराद हसविले. उलटपक्षी २०२३ साली त्याच मंडळींनी एका बारा वर्षांच्या मुलीचे नाव यादीत घातले. चोहोंकडून निषेध झाला, तेव्हा नाव मागे घेऊन त्यांनी क्षमा मागितली व अठरा वर्षांखालील कोणासही यादीत न घेण्याचा नियम केला. पहिलीपाशी उत्तर देण्याचे सामर्थ्य होते. दुसरीपाशी ते कोठून असणार?

हे लोण आता घरापर्यंत आले आहे. आमच्या मीरा रोडच्या वसाहतीत गणेशोत्सवात तरुण मंडळींनी असाच सोहळा केला. पाण्याचा टँकर हमखास उशिरा आणविल्याबद्दल चिटणीसांस ‘भगीरथ पुरस्कार’ मिळाला. ते स्वतः पोट धरून हसले. पुढे अडखळत बोलणाऱ्या एका मुलास ‘वक्तृत्वभूषण’ म्हणून पुकारले. सारे हसले. त्याने नारळ घेतला, नमस्कार केला, आणि विसर्जनापर्यंत तो आरतीस आला नाही.

भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगून स्मित व हसित ही उत्तम पुरुषांची, तर अपहसित व अतिहसित ही अधमांची म्हटली आहेत. आम्हांस वाटते, हसणाऱ्याची प्रत पाहताना ज्यास हसले त्याची स्थितीही पाहावी. चिटणीसास टँकर वेळेवर आणविता येतो. त्या मुलास आपली जीभ बदलता येत नाही.

मुलांस हे खेळ बंद करावयास सांगू नये. एकत्र कुटुंबात हसणे हेही एक सुखच आहे. मात्र नव्या सुनेच्या पहिल्या पोळ्या अथवा कोणाचा काळा वर्ण त्यांच्या यादीत शिरला तर वडीलधाऱ्यांनी तो तत्काळ खोडावा, आणि रिकाम्या जागी घोरण्याच्या पारितोषिकासाठी स्वतःचे नाव लिहावयास सांगावे.