‘व्हिलेट’ कपाटातच राहू द्या

शार्लट ब्राँटे हिची ‘व्हिलेट’ ही कादंबरी माझ्या घरी पाहून एका ज्येष्ठ स्नेह्यांच्या कपाळाला आठी पडली. “आपल्या धर्मगुरूंची, मठवासिनींची अशी निंदा करणारे पुस्तक मुलींच्या हाती देता?” त्यांच्या प्रश्नाला तोंडी उत्तर दिले, ते अपुरे पडले, म्हणून हा लेखनप्रपंच.

निंदा आहेच. लेखिका अँग्लिकन धर्मगुरूची कन्या. १८५० साली पोप नववे पायस यांनी इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मप्रांतांची पुनर्स्थापना केली, तेव्हा तेथे जो गदारोळ उठला, त्याचा धूर १८५३ च्या या कादंबरीत भरून राहिला आहे. कथाही काळोखी. लूसी स्नो ही निराधार इंग्रज तरुणी परमुलखातील मुलींच्या शाळेत शिकवते. तेथील मुख्याध्यापिका तिचे खण चोरून तपासते. माळ्यावर मठवासिनीचे भूत हिंडते. (ते भूत म्हणजे प्रेयसीला भेटण्यासाठी वेष पालटून येणारा एक छचोर उमराव, हे अखेरीस कळते. भुताला घाबरून पुस्तक मिटणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.)

परंतु आक्षेप घेणारे पंधराव्या प्रकरणापर्यंत पोहोचतच नाहीत. सुट्टीत शाळा ओस पडते. लूसी एकटी, तापाने खंगलेली. संध्याकाळी घंटा ऐकून ती कॅथलिक मंदिरात शिरते आणि पापनिवेदनाच्या जाळीपुढे गुडघे टेकते. आपण प्रॉटेस्टंट आहोत, हे ती लपवीत नाही. तिला पाप सांगायचे नसते. कोणीतरी ऐकून घ्यावे, एवढीच तिची याचना. फादर सिलास गोंधळतात, पण तिला हाकलीत नाहीत. दुसऱ्या दिवशी घरी या, म्हणतात. ती जात नाही. गेले असते तर आज मठाच्या खोलीत माळ जपत बसले असते, अशी कबुली मात्र देते. त्यांच्या दयाळूपणाचीच तिला धास्ती वाटली!

हे कल्पनेतले नव्हे. १८४३ च्या सप्टेंबरात शार्लट स्वतः ब्रसेल्सच्या सेंट गुडुला चर्चमध्ये अशीच गेली होती. बहीण एमिलीला तिने ते पत्राने कळविले आणि वडिलांना सांगू नकोस, असे बजावले. आपल्या संस्काराच्या सामर्थ्याची याहून निःपक्षपाती साक्ष कोण देणार? मित्राने केलेल्या स्तुतीला बाजारात मोल नसते.

कार्डिनल वाइजमन यांची ‘फाबिओला’ १८५४ ची. तिचा मला आदर आहे. पण तीत अखेर आपलाच विजय होतो, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. ‘व्हिलेट’मध्ये कॅथलिक पॉल एमॅन्युएल लूसीला म्हणतो, तू तुझ्याच पंथात राहा. त्यांच्या प्रेमाचा घास घेते ते वादळ, धर्मभेद नव्हे.

प्रतिबंधित ग्रंथांच्या यादीचे कायदेशीर बंधन खुद्द रोमने १९६६ साली उठविले. ते आपण घरोघरी पुन्हा का लादावे? माझ्या मुलीने विचारले, “ती दुसऱ्या दिवशी का गेली नाही? आपल्याकडे एखादी अशी आली, तर आपण तिच्याशी कसे वागू?” त्या रात्री आमच्या घरी जेवण उशिरा झाले.

स्नेह्यांनी ही प्रत खुशाल न्यावी. पंधरावे प्रकरण वाचून झाल्यावर परत करावी.